दालनात जागा कुणाला? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बसून समजून घेतलेला हॉल ऑफ फेमचा वाद

तंबोऱ्याची जवारी लावताना बघत बसणं हा माझा मिरजेतला जुना छंद आहे. सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात भिंतीला भोपळे टांगलेले असतात, खाली लाकडाचा भुसा पसरलेला असतो आणि चाचा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत असतात. दोन हात फिरवले की तार चढवायची, एकदा छेडायची, कान तिरपा करून ऐकायचं आणि पुन्हा तार उतरवायची. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तसा नसतो. त्याला इतका हलका उतार असतो की तो बोटाला कळत नाही, तारेला कळतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते, म्हणून तंबोऱ्याला ते गुंजन येतं. हा उतार साधणं म्हणजेच जवारी लावणं. शेवटी चाचा सुताचा एक धागा तारेखाली घालतात आणि चिमटीत धरून हळूहळू सरकवतात. एका जागी धागा आला की इतका वेळ कोरडी वाजणारी तार अख्खी खोली भरून टाकते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघे मित्र तिथं असेच बसलो होतो. माझ्या तंबोऱ्याचं काम चाललेलं, मध्ये भडंगाचा कागद. बोलता बोलता विषय अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमवर गेला. तिथं दरवर्षी नावं जाहीर झाली की भांडणं सुरू होतात, अमक्याला घेतलं, तमक्याला का नाही. मग एकानं विचारलं, "आपल्या सांगली-साताऱ्याचं असं दालन केलं, तर पहिली दहा नावं कुणाची?" पुढचा तासभर आम्ही तावातावानं भांडलो. चाचा खाली मान घालून काम करत होते. मध्येच एवढंच म्हणाले, "नावं गाणाऱ्यांचीच घेताय नव्हं सगळी."

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. तेव्हापासून हा सगळा प्रकार चालतो कसा, हे मी नीट समजून घेतलं. वाद वरवर नावांचा वाटतो. खरा वाद मापाचा आहे.

आधी पुरस्कार आणि हॉल ऑफ फेम यातला फरक. पुरस्कार त्या त्या वेळी मिळतो, पुढच्या वर्षी दुसऱ्याला जातो. हॉल ऑफ फेम ही कायमची यादी असते. एकदा नाव लागलं की ते तिथंच राहतं, आणि ज्याचं लागलं नाही त्याचं न लागणंही दरवर्षी नव्यानं दिसतं. म्हणून तिथली भांडणं पुरस्कारांपेक्षा जास्त जिव्हारी लागतात. आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण म्हणजे संगीत नाटक अकादमीची फेलोशिप, म्हणजे अकादमी रत्न. ती एका वेळी जास्तीत जास्त 40 हयात कलावंतांकडेच असू शकते. जागा ठरलेल्या असल्या की प्रत्येक निवड ही दुसऱ्या कुणाची तरी न-निवड होते.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची संस्था 1983 साली स्थापन झाली, पहिली नावं 1986 साली आली आणि क्लीव्हलँड शहरात तलावाकाठी तिचं संग्रहालय 1995 साली उघडलं. कलावंताची पहिली रेकॉर्ड बाजारात येऊन 25 वर्षं झाल्याशिवाय त्याचं नाव विचारात घेत नाहीत. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. ज्याचा काल गवगवा झाला त्याचं आज काय उरलंय, हे कळायला तेवढा काळ जाऊ द्यावाच लागतो. त्यानंतर एक समिती नावं सुचवते आणि हजारापेक्षा जास्त मतदारांकडे मतपत्रिका जातात. त्यात आधी निवड झालेले कलावंत असतात, अभ्यासक असतात, संगीत व्यवसायातली माणसं असतात. 2012 पासून सामान्य रसिकांनाही मत देता येतं, पण लाखो रसिकांची मतं एकत्र करून त्यांची मिळून एकच मतपत्रिका धरली जाते. हजारात एक. लोकांना बोलावलं हे खरं, पण पाटावर जागा चिमूटभरच दिली.

आता हाच नियम उचलून आपल्याकडे लावून बघा. पहिली रेकॉर्ड कधी आली, हे विचारायचं. भास्करबुवा बखले यांचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. बालगंधर्वांचे ते गुरू, आणि तरी त्यांचा आवाज कसा होता हे आपल्याला फक्त शिष्यांच्या गळ्यातून अंदाजानं कळतं. रेकॉर्डचा नियम लावला तर बुवा दाराबाहेर. तमाशातल्या, भजनी मंडळातल्या, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या किती आवाजांपुढे माइक कधी आलाच नाही. रेकॉर्डच्या धंद्यात वाढलेल्या संगीतासाठी केलेलं माप गुरू-शिष्याच्या तोंडी परंपरेवर ठेवलं की असं होतं. आपल्याकडे 25 वर्षं मोजायचीच, तर ती पहिल्या रेकॉर्डपासून नव्हे, कलावंत लोकांसमोर उभा राहिला तिथपासून मोजावी लागतील.

मग पात्र कोण? इथं दोन मापं कायम एकमेकांना आडवी येतात. एक लोकप्रियतेचं, म्हणजे किती लोकांनी ऐकलं. दुसरं प्रभावाचं, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांचं गाणं त्यामुळे बदललं. प्रभाव म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण देतो. त्यांचा जन्म उत्तरेत कैराण्याचा, 1872 सालचा. पण राहिले ते मिरजेत, 1937 साली गेल्यावर मातीही इथल्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच मिळाली, आणि उरुसाच्या दिवसांत तिथं आजही गाणी होतात. त्यांची ठुमरीची एक रेकॉर्ड तिकडे गदगला एका मुलाच्या कानावर पडली. असं गाणं शिकायचंच, या ध्यासानं त्या अकरा वर्षांच्या पोरानं घर सोडलं. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे ते खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडेच शिकले आणि त्यांना भारतरत्न मिळालं. ती रेकॉर्ड त्या काळात किती खपली, हा प्रश्न इथं गौण आहे. ती एका माणसाच्या कानात शिरली आणि पुढची पन्नास-साठ वर्षं हिंदुस्थानी संगीत वेगळं ऐकू आलं. खपाच्या आकड्यात हे कधीच दिसणार नाही.

तरी लोकप्रियतेला हलकं लेखणाऱ्यांतला मी नाही. बालगंधर्वांच्या गाण्यानं खेड्यापाड्यातल्या माणसाला रागसंगीताची चटक लावली. ज्यानं उभ्या जन्मात बैठक ऐकली नव्हती, तोही शेताच्या बांधावर नाट्यपद गुणगुणायचा. एवढ्या लोकांपर्यंत पोचणं हे स्वतःच एक काम आहे.

पुढच्या रविवारी आम्ही सांगलीच्या विश्रामबागेत एका मित्राच्या घरी दहा जण जमलो आणि खरोखरच मतदान घेतलं. प्रत्येकानं चिठ्ठीवर पाच नावं लिहायची. बालगंधर्वांचं नाव दहाही चिठ्ठ्यांवर निघालं. अब्दुल करीम खाँ आणि आशा भोसले यांना नऊ-नऊ, मास्टर दीनानाथांना सात, पठ्ठे बापूरावांना चार, यमुनाबाई वाईकरांना दोन. मिरजेच्या वाद्य कारागिरांना एक मत, ते माझं. उरलेली मतं इकडेतिकडे विखुरली.

मग मी विचारलं, "तुमच्या पाचात पहिलं नाव कुणाचं होतं?" तेव्हा उलटंच चित्र दिसलं. बालगंधर्व पहिल्या नंबरावर फक्त तिघांच्या चिठ्ठीत होते. ज्या दोघांनी यमुनाबाईंना मत दिलं होतं, त्या दोघांनीही त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं होतं. पाच नावांची मतपत्रिका कुणावर किती माया आहे ते मोजत नाही, नाव किती जणांना आठवलं एवढंच मोजते. सगळ्यांना थोडं आवडणारं नाव वर येतं आणि मोजक्यांना जीव की प्राण असलेलं नाव खाली जातं. क्लीव्हलँडला वर्षानुवर्षं बाहेर राहिलेल्या कित्येक कलावंतांच्या चाहत्यांची तक्रार नेमकी हीच असते.

कटऑफ कुठे ठेवायचा यावरही नशीब ठरतं. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आत जायला 75 टक्के मतं लागतात, आणि पाच टक्क्यांच्या खाली घसरलं की नाव मतपत्रिकेवरूनच उडतं. तो नियम आमच्या दहा चिठ्ठ्यांना लावला तर फक्त तिघं आत जातात. दीनानाथ सात मतांवर बाहेर! निम्म्या मतांचा नियम केला की तेच दीनानाथ आत. मतं तीच, माणसं तीच, गाणं तेच. त्या संध्याकाळी सगळ्यात मोठा आवाज यावरच चढला, आणि तो चढायलाच हवा होता.

दुसरी गाठ म्हणजे "आपला" कोण? आशाताईंचा जन्म 1933 साली सांगलीत झाला, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण त्यांचं गाणं घडलं मुंबईच्या स्टुडिओत. उलट खाँसाहेब जन्मानं इथले नव्हते. दीनानाथांचं मूळ गोव्यात, मंगेशीला, पण त्यांची नाटक मंडळी आणि बिऱ्हाड सांगलीत होतं. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 साली लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. कोण कुणाचा? माझं मत स्पष्ट आहे. जन्मदाखला हे कमजोर माप आहे. इथं कुणाचं गाणं रुजलं, हे बघावं. एका मैत्रिणीनं लगेच हटकलं, "अरे, मंगेशकर भावंडांच्या गळ्यावर वडिलांचे पहिले संस्कार सांगलीच्या घरात झाले, ते रुजणं नव्हे का?" तिचं म्हणणं मला मान्य करावं लागलं.

याहून नाजूक गोष्ट मात्र वेगळी आहे. 1986 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गायक-वादक म्हणून पहिली दहा नावं गेली. त्यात एकही बाई नव्हती. अरेथा फ्रँकलिन यांची निवड पहिली बाई म्हणून पुढच्या वर्षी झाली. आमच्या दहा चिठ्ठ्या पुन्हा बघितल्यावर मला शरम वाटली, कारण आशाताई सोडल्या तर बाईचं नाव जवळपास नव्हतंच. आणि हा भाग तर लावणीचा!

यमुनाबाई वाईकरांचंच घ्या. जन्म 1915 सालचा, गाव वाईकडचं, समाज कोल्हाटी. बैठकीची लावणी त्या अदा करत तेव्हा एकेका ओळीवर भाव पालटत, आणि शास्त्रीय गाणाऱ्यांनाही कान देऊन ऐकावं लागे अशी त्यांची सुरांची समज होती. पद्मश्री मिळाली 2012 साली, वयाची पंच्याण्णवी उलटल्यावर. 2018 साली त्या गेल्या. ज्या बाईनं आयुष्यभर एक कला जिवंत ठेवली, तिला सरकार दरबारची ही मान्यता मिळायला एवढी वर्षं लागली. कारण ती कला "संगीत" या शब्दात बसते की नाही, याबद्दलच ठरवणाऱ्यांच्या मनात किंतु होता. दालन करताना या दारापाशी सावध राहायला हवं. आत कोण येईल हे मतदानाच्या फार आधी ठरून गेलेलं असतं. दालनाच्या पाटीवर "संगीत" लिहून मनात फक्त ख्याल आणि नाट्यपद धरलं, तर लावणी मतपत्रिकेपर्यंत पोचतच नाही. क्लीव्हलँडलाही "हे रॉक आहे का?" हा प्रश्न अजून मिटलेला नाही. 2022 साली डॉली पार्टन यांनी आपण रॉकवाल्या नाही म्हणून आधी नाव मागे घेण्याची विनंती केली, नंतर मात्र त्यांनी सन्मान स्वीकारला.

श्रेय कुणाचं, हा प्रश्नही तमाशाच्या बाबतीत टोकदार होतो. पठ्ठे बापूराव म्हणजे वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या लावण्या आजही म्हटल्या जातात. पण त्या फडावर लोकांपर्यंत नेणारी कलावंत पवळा होती. नाव लावताना एकट्या बापूरावांचं लावायचं? माझ्या मते नाही. तिकडे टीना टर्नर यांची निवड आधी 1991 साली नवऱ्याबरोबर जोडीनं झाली, आणि एकट्या गायिका म्हणून 2021 साली. मधली तीस वर्षं त्यांना आपल्या एकटीच्या नावाची वाट बघावी लागली. कवलापूरचे काळू-बाळू मात्र दोघांच्या मिळून एकाच चौकटीत शोभतील. त्यांना वेगळं करणंच अन्याय होईल, कारण सोंगाड्याची ती जोडी ही एकच कला होती.

आता चाचांच्या वाक्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त मला तेच सांगायचंय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेतल्या शिकलगारांचं हत्यारांचं काम कमी होत गेलं. त्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. तलवारीला धार लावणारा हात घोडीच्या उताराकडे वळला. तिथून ही गल्ली उभी राहिली, आणि देशभरातल्या मैफलींत मिरजेचे तंबोरे गेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद आम्हा सगळ्यांनाच झाला. पण मानांकनाचा अर्थ समजून घ्यायला हवा. ते गावाला आणि तिथल्या पद्धतीला मिळतं, म्हणजे हे नाव लावून दुसरीकडची वस्तू विकता येत नाही. त्यात माणसाचं नाव नसतं. गायकाचा फोटो लागतो, कारागिराच्या वाट्याला गावाचा शिक्का येतो.

क्लीव्हलँडवाल्यांच्या चुका मी वर सांगितल्या, पण एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. गायक-वादकांच्या दाराशेजारी त्यांनी वेगळी दारं ठेवली. एक आधीच्या पिढीतल्या प्रभावी कलावंतांसाठी, एक मंचावर न येणाऱ्या माणसांसाठी. त्या दुसऱ्या दारातून 1992 साली लिओ फेंडर यांची निवड झाली. त्यांनी घडवलेल्या इलेक्ट्रिक गिटारी जगभर वाजतात आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाजवता न येणारा माणूस संगीताच्या दालनात! आणि तरी ही निवड मला पूर्ण योग्य वाटते, कारण त्या वाद्यांशिवाय पुढच्या वादकांचा आवाज तसा झालाच नसता.

खाँसाहेबांचा सूर इतका नितळ का लागायचा, यावर आपण त्यांच्या तालमीबद्दल, दाणेदार सरगमबद्दल बोलतो. पण सूर लागतो तो मागच्या तंबोऱ्यावर. चार तारा, आणि जवारी उघडी असली तर त्या चार तारांतून न छेडलेले सूरही ऐकू येतात. नुसता षड्ज, म्हणजे सा, छेडला आणि त्यातून गंधार, म्हणजे ग, उमटलेला ऐकू आला, तर समजावं की वाद्य लागलं. तो गंधार गायकानं गायलेला नसतो. घोडी घासणाऱ्यानं त्याला वाट करून दिलेली असते. आणि हा भाग सुरांकडे बारकाईनं बघणाऱ्यांचाही होता. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, पुस्तक काढलं, त्या मोजमापाला खाँसाहेबांचा गळा होता. मोजणारा, गाणारा आणि घडवणारा, तिघांना एकाच दालनात जागा हवी, दारं वेगळी असली तरी.

परवा तंबोरा आणायला गेलो तेव्हा आमची यादी बरोबर नेली होती. तिच्यावर कारागिरांचं वेगळं दार मी करून ठेवलं होतं आणि पहिलं नाव फरीदसाहेबांचं लिहिलं होतं. चाचांनी चष्मा वर करून वाचलं. बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "चांगलं केलंस. पण भोपळा कुठनं येतो, ते लिहिलं नाहीस."

हे भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात. खायचे नाहीत, कडू जातीचे. महिनोन्महिने वाळवावे लागतात. चाचांनी बाजूचा एक उचलला, पेरानं टिचकी मारली, फिरवून दुसऱ्या अंगाला मारली आणि माझ्याकडे दिला. मीही मारून बघितली. दोन्हीकडचा आवाज सारखा होता. "साल सगळीकडं सारखी आहे. असा शंभरात एखादा मिळतो. ज्यानं पिकवला त्याला काय म्हणायचं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी खिशातलं पेन काढलं आणि फरीदसाहेबांच्या खाली एक ओळ मोकळी सोडली. चाचांनी तंबोऱ्याला गवसणी घातली, नाड्या बांधल्या, आणि म्हणाले, "पुढच्या वेळी ह्या दिवसांत ये. गाडी येते तेव्हा तो शेतकरी पण असतो. त्यालाच विचार."